नकार आणि राजीनामा

दलित साहित्याची चर्चा निघाली की वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द ओघानेच येतात. परिसंवादांतून, प्रबंधांतून आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहेत की त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. यांपैकी नकाराविषयी मला येथे काही मांडायचे आहे. कवितेतला नकार आपण पुष्कळ तपासला. देवाला, धर्मग्रंथाला, परंपरेला आणि प्रस्थापितांच्या सौंदर्यकल्पनेला दिलेला नकार आपल्या समीक्षेने नीट नोंदवला. परंतु कवितेबाहेर, महिन्याच्या पगारावर जगणारा माणूस नकार देतो तेव्हा तो कोणत्या रूपाने देतो? त्याच्याजवळ संप असतो, तक्रारअर्ज असतो आणि शेवटी राजीनामा असतो. संपाला इतरांची साथ लागते. तक्रारअर्जाला वरून उत्तर यावे लागते. राजीनामा मात्र एकट्याने लिहायचा असतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच महिन्यापासून मोजायची असते. या अर्ध्या पानाच्या कागदाकडे आपल्या समीक्षेने जवळजवळ पाहिलेलेच नाही.

असे का झाले हे समजण्यासारखे आहे. आपल्या समाजात नोकरी म्हणजे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हते. गावकुसाबाहेरच्या घरात पहिला पगार आला तेव्हा त्याबरोबर घड्याळ आले, धुतलेला सदरा आला, आणि नावापुढे राव किंवा साहेब लावणारा कोणीतरी आला. आपल्या बहुतेक आत्मकथनांचा प्रवास गाव, शाळा, वसतिगृह आणि नोकरी असा आहे. नोकरीची ऑर्डर हाती पडली की वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि समीक्षकही ‘संघर्षाला यश आले’ असे लिहून मोकळा होतो. अशा समाजात नोकरी सोडण्याची चांगली कारणे कोणती असा प्रश्न विचारणे म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारण्याची भाषा बोलणे, असे पुष्कळांना वाटेल. मला तसे वाटत नाही. हा प्रश्न आपल्या साहित्याच्या मुळाशी आहे, आणि आपल्या लेखकांनी त्याची उत्तरेही दिली आहेत. ती उत्तरे आपण एकत्र ठेवून वाचली नाहीत, एवढेच.

१

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नोकरी सोडता येणे हाच एक हक्क आहे, आणि तो आपल्या पूर्वजांना नव्हता.

राजीनामा हा शब्द आपल्याकडे कचेरीत येण्याआधी जमिनीच्या व्यवहारात होता. धारा देणारा खातेदार जमीन सोडताना सरकारला राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत लिहून देई. म्हणजे जमीन कसणाऱ्याला जमीन सोडण्याची रीत ठरवून दिलेली होती. महारकीची गोष्ट वेगळी होती. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली महार वतनदार सरकारचा चाकर होता, पण त्याच्या कामाला ना वेळ ठरलेली होती ना हद्द. दिवसा, रात्री, पावसात केव्हाही हाक आली तरी जावे लागे. एकाने जायचे नाकारले तर घरातल्या दुसऱ्याला जुंपले जाई. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि गावाकडून मिळणारे बलुते. तेही गाव राजी असेल तर. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’तून १९२७ साली महार आणि त्यांचे वतन या विषयावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनी चाकरीतून कायदेशीर मार्गाने मोकळे होता यावे, हा त्या विधेयकाचा एक प्रमुख हेतू होता. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

आता आपल्या पुस्तकांची नावे पाहा. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले. ते त्या चाकरीच्या मोबदल्याचे नाव आहे. शंकरराव खरातांनी १९८१ साली ‘तराळ-अंतराळ’ लिहिले. तराळ हे त्या चाकरीचेच नाव. खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. अंतराळाच्या आधी त्यांनी तराळ ठेवला, हे मला महत्त्वाचे वाटते. जी चाकरी सोडता येत नव्हती ती मागे पडल्यावरही तिचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेऊन हे लेखक उभे राहिले. समीक्षेने या शीर्षकांत फक्त ग्रामीण रंग पाहिला. मला त्यांत एका न लिहिल्या गेलेल्या राजीनाम्याची नोंद दिसते.

न लिहिल्या गेलेला म्हणतो, कारण त्या काळी राजीनामा पायांनीच द्यावा लागे. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या पुस्तकातला बाप येसकरकीच्या पाळीवर असताना विहिरीतल्या प्रेताच्या प्रकरणात फौजदाराचा हुकूम मानायला नकार देतो, मार खातो आणि बायकोला घेऊन रातोरात मुंबईची वाट धरतो. या प्रसंगाचे वर्णन बहुतेक परीक्षणांत ‘गाव सोडले’ असे येते. मी म्हणेन, त्याने गावापेक्षा नोकरी सोडली. गाव सोडल्याशिवाय ती नोकरी सोडता येत नव्हती, म्हणून गाव सुटले. बंधुमाधवांच्या ‘विषारी भाकरी’ या कथेतही तेच आहे. खळ्यावर राबून हाती आलेली विटकी भाकर म्हाताऱ्याचा जीव घेते, आणि मरता मरता तो नातवाला सांगून जातो की या भाकरीची आशा सोडा. वारसाला इस्टेटीऐवजी राजीनामा देऊन जाणारा असा आजोबा मराठी कथेत त्याआधी मला तरी आढळलेला नाही.

तेव्हा नोकरी सोडण्याचे पहिले चांगले कारण हे: जे काम माणसाला त्याच्या जन्मामुळे चिकटवले आहे आणि ज्याच्या मोबदल्यातच अपमान मिसळलेला आहे, ते सोडलेच पाहिजे. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगाव आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकले. गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, रस्ते अडवले, दळणाची गिरणी बंद केली. तरी कामे टाकली गेली. त्या सामुदायिक राजीनाम्याला कोणी पोच दिली नाही. त्याची पोच आपल्या साहित्याने दिली.

२

दुसरे कारण शोधायला मी बडोद्याला जाणार आहे.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी १९१३ साली करून दिला होता. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत, हे चरित्रकारांनी लिहिले आहे आणि ते आपल्याला पाठ आहे. परंतु बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या तर त्यांचा भर कचेरीवर नाही, राहण्याच्या जागेवर आहे. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगण्यात आले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांनीही आपापल्या कारणांनी नकार दिला. दिवस कामाठी बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठातून आलेल्या माणसाची नोकरी भाड्याच्या खोलीवरून गेली.

त्याच लोहमार्गावर, मुंबई आणि बडोदा यांच्या मध्ये, सुरतेला लागून उधना आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी येथे येतो. हा कथासंग्रह १९६३ चा. म्हणजे बडोद्याच्या प्रसंगानंतर शेहेचाळीस वर्षांनी, आणि संविधान लागू होऊन तेरा वर्षे झाल्यावर. नायकाला नोकरी आहे, वाचन आहे, नव्या भारताविषयी श्रद्धा आहे. फक्त खोली मिळवण्यासाठी जात झाकावी लागते. त्याच्या शेजारी काशिनाथ आहे. तो काहीच झाकत नाही आणि खिशात सुरा बाळगून हिंडतो. शेवटी जात उघडी पडते, नायकाला झोडपले जाते, आणि त्याला सोडवायला येतो तो काशिनाथ.

या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जातिव्यवस्थेचे भीषण चित्रण, नायकाची उदारता, काशिनाथाचा संताप, हे सर्व सांगून झाले आहे. मला एक वेगळी गोष्ट सुचवायची आहे. कथा संपते तेव्हा त्याच्या रेल्वेच्या नोकरीचे पुढे काय झाले, हे वाचकाच्या मनातही येत नाही. ज्या नोकरीसाठी तो इतका खटाटोप करतो ती शेवटी बिनमहत्त्वाची होऊन जाते. बागुलांनी हे युक्तिवादाने सांगितले नाही. कथेच्या रचनेनेच सांगितले. जी नोकरी टिकवण्यासाठी स्वतःचे नाव गिळावे लागते ती नोकरी राहिली काय आणि गेली काय, हा निर्णय कथा वाचकाकडून करवून घेते.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकात हीच गोष्ट उलट्या बाजूने येते. संस्कृतात उत्तम शिक्षण घेतलेल्या बाईंना माहेरच्या नावाने नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर बदललेल्या आडनावाने मिळते. त्या स्वतःच ही गोष्ट कडवटपणे नोंदवतात. त्यांनी नोकरी सोडली नाही. सोडायला नकोच होती. पण ती नोकरी कोणाला मिळाली, हा प्रश्न त्यांनी वाचकासमोर उघडा ठेवला. लपवण्याच्या बदल्यात मिळालेले स्थान बोलून दाखवणे, हाही त्या स्थानाचा अर्धा त्याग आहे.

आता प्रस्थापित साहित्याकडे वळू. १९६३ सालीच भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याचे शिक्षण फेकून गावी परततो. मराठी समीक्षेने त्या परतीवर ग्रंथ लिहिले. पुढे ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील एकामागून एक गावची प्राध्यापकी सोडत जातो. या कादंबऱ्यांचे मोल मी कमी करीत नाही. महाविद्यालयांतले जातीचे राजकारण, संस्थाचालकांची मिजास आणि शिक्षणाचा पोकळ व्यवहार त्यांनी निर्भीडपणे दाखवला. परंतु पांडुरंगाला परतायला सांगवी आहे. तेथे त्याचे घर आहे, शेती आहे, बोलणी खायला का होईना बाप आहे. चांगदेवाला बिढार उचलून दुसऱ्या गावी मांडता येते. त्यांच्या सोडून जाण्याला कंटाळ्याची, शोधाची, तुटलेपणाची नावे देता येतात, कारण पायाखाली जमीन आहे. बागुलांच्या नायकाने नोकरी सोडली तर तो कोठे परतणार? गावी परतला तर तेथे वतन वाट पाहत बसलेले. नोकरी सोडण्याच्या कारणांचे सौंदर्यशास्त्र हेही शेवटी जमिनीच्या मालकीवर ठरते, ही गोष्ट आपल्या समीक्षेने या दोन १९६३ च्या पुस्तकांना शेजारी ठेवून सांगायला हवी होती.

३

तिसरे कारण सर्वांत अवघड आहे, कारण त्यात अपमान करणारा कोणी समोर नसतो. पगार वेळेवर मिळतो, खुर्ची मिळते, चहाचा कप वेगळा नसतो. फक्त काही कागदांवर सही करायची असते.

या कारणाचा सर्वांत स्वच्छ दस्तऐवज म्हणून मी बाबासाहेबांचे १० ऑक्टोबर १९५१ चे निवेदन वाचतो. कायदेमंत्रिपदाचा राजीनामा त्यांनी २७ सप्टेंबरला दिला होता. सभागृहात निवेदन करण्यापूर्वी त्याची प्रत द्यावी अशी अट उपसभापतींनी घातली, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे गेले. आपण हे निवेदन राजकीय इतिहास म्हणून वाचतो. मी विद्यार्थ्यांना ते गद्याचा नमुना म्हणून वाचायला सांगतो. त्यात कारणे क्रमाने दिली आहेत: मंत्रिमंडळातील कामाची वाटणी, अनुसूचित जाती आणि मागासवर्ग यांच्याविषयीची सरकारची अनास्था, परराष्ट्रधोरण, मंत्रिमंडळाच्या समित्यांचा कारभार आणि शेवटी हिंदू कोड बिल. इतकेच नव्हे, तर आपण आजारामुळे जात आहोत असे कोणी समजू नये, हेही त्यांनी स्पष्ट केले. प्रकृती खरोखरच ढासळलेली होती. ते कारण दिले असते तर सर्वांची सोय झाली असती. आणि आधीच का गेलो नाही याचेही उत्तर त्यांनी दिले. हिंदू कोड बिल मंजूर होईल या आशेने थांबलो होतो, असे ते सांगतात.

राजीनाम्याच्या लेखनाची कसोटी मला येथे सापडते. इतके दिवस का राहिलो आणि आता का जातो, या दोन्ही प्रश्नांना जो राजीनामा खरे उत्तर देतो तो वाङ्मयीनदृष्ट्याही चांगला राजीनामा. पहिला प्रश्न टाळून फक्त दुसऱ्याचे उत्तर देणारा माणूस स्वतःला हुतात्मा करून घेतो. दोन्ही टाळणारा ‘घरगुती कारणास्तव’ असे लिहितो.

हे दोन शब्द मला चांगले परिचयाचे आहेत. १९९० च्या दशकात मी एका शिक्षणसंस्थेत शिकवीत होतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे काम माझ्याकडे देण्यात आले. मुलांची सही पूर्ण रकमेवर घेतली जाई, आणि दाराबाहेर त्यातला काही भाग इमारत निधी म्हणून परत घेतला जाई. ‘रक्कम माझ्यासमक्ष अदा केली’ या वाक्याखाली माझी सही हवी होती. मी ती केली नाही. मग वेळापत्रक बदलले, गोपनीय अहवालाची भाषा ऐकू येऊ लागली, आणि सत्र संपताना मी राजीनामा लिहिला. हेडक्लार्क सज्जन होते. ते म्हणाले, “सर, घरगुती कारणास्तव लिहा. सगळे तेच लिहितात. फंडाचे पैसे अडकायला नकोत.” मी तीन ओळींत खरे कारण लिहिले आणि आवक क्रमांक टाकून प्रत घेतली. फंडाचे पैसे दोन वर्षे अडकले.

यात शौर्य मुळीच नव्हते. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. घरात दुसरा पगार होता म्हणून ती तीन ओळींची भाषा मला परवडली. माझ्या जाण्याने त्या वर्षीच्या मुलांना एक पैसाही परत मिळाला नाही. पुढे विद्यार्थ्यांनी समाजकल्याण खात्याकडे तक्रार केली तेव्हा त्या प्रतीचा कागद त्यांनी सोबत जोडला, एवढाच तिचा उपयोग. पण ‘घरगुती कारणास्तव’ असे लिहिलेला कागद त्यांना जोडता आला नसता. संस्थांच्या दप्तरांत आपल्या किती माणसांचे असे घरगुती कारण पडून असेल याचा मी विचार करतो. घर तर त्या कारणात कोठेच नसते.

घराचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी मार्च १९२० मध्ये सिडनहॅम कॉलेजची सरकारी प्राध्यापकी सोडली आणि अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडन गाठले. शिलकीचे पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज, एवढ्यावर ते गेले. इकडे मुंबईत संसार कोणी ओढला? रमाईंनी. राजीनामा एकाच्या सहीने होतो, पण त्याचा हप्ता घरातली बाई फेडते. आपल्या साहित्यात तिचा गौरव आहे, गाणी आहेत. त्या वर्षांचा तिच्या बाजूने लिहिलेला हिशेब मात्र क्वचितच आढळतो. आणि तिची स्वतःची नोकरी? ती सोडायची की ठेवायची, हे ठरवणारे बहुधा दुसरेच असतात. नवऱ्याची बदली, मुलाचे आजारपण, सासूचे म्हणणे. तेथे ‘घरगुती कारणास्तव’ हे शब्द अक्षरशः खरे असतात, आणि म्हणूनच अधिक भयंकर असतात. आपल्या लेखिकांनी नोकरी आणि घर यांतली ओढाताण लिहायला सुरुवात केली आहे. समीक्षेने तिला स्त्रियांचा वेगळा विषय म्हणून बाजूला ठेवू नये.

४

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कार्यकर्ता म्हणेल, सगळ्यांनी राजीनामे दिले तर खुर्च्या कोणाच्या हाती जातील? आपल्या माणसाने सोडलेली राखीव जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवली जाते आणि शेवटी योग्य उमेदवार मिळाला नाही म्हणून तिचा निकाल लावला जातो, हा आपला अनुभव आहे. शिवाय जो राहिला तो विकला गेला, असे म्हणणे फार सोपे आहे. ‘दलित ब्राह्मण’ हा शब्द आपणच आपल्या नोकरदारांसाठी वापरला. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी निराशा व्यक्त केली तिचा आधार घेऊन अनेकांनी प्रत्येक नोकरदारावर दगड भिरकावला.

मी तसे म्हणत नाही. बाबासाहेब हिंदू कोडासाठी चार वर्षे मंत्रिमंडळात राहिले. त्या राहण्याला कारण होते, आणि ते कारण संपले तेव्हा ते गेले. राहणाऱ्याला एवढेच विचारावे: तुमच्या राहण्याचे कारण काय, आणि ते अजून जिवंत आहे का? ज्याच्या पगारावर तीन भावंडांचे शिक्षण चालले आहे त्याचे कारण जिवंत आहे. ज्याच्या टेबलावरून आपल्या वस्तीची फाईल पुढे सरकते त्याचेही आहे. उपाशी माणसाकडे स्वाभिमानाचा राजीनामा मागणारी कविता मला खोटी वाटते, मग ती कितीही जळजळीत असो. वाईट राजीनामेही असतात. वरिष्ठाशी रुसून दिलेले, निवडणुकीच्या तिकिटासाठी दिलेले, आणि आपला हात स्वच्छ ठेवून घाण काम कनिष्ठाच्या गळ्यात घालण्यासाठी दिलेले. आपल्या कथाकारांनी तेही लिहावेत.

आणि आज आणखी एक बदल आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला कसून विरोध केला. काम करण्याचे नाकारणे हा फार तर कराराचा भंग होईल, त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप त्याच मुद्द्यावर झाला. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठ आणि सक्तीची मजुरी बंद केली. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. १९९३ आणि पुन्हा २०१३ साली हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे झाले. कागदावर पाहिले तर काम नाकारण्याचा हक्क आता पूर्ण झाला आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? गटारात उतरणारा माणूस नगरपालिकेचा नोकर नसतो, कंत्राटदाराचा असतो, आणि कित्येकदा कंत्राटदाराच्याही कागदावर नसतो. महाविद्यालयांत आपली नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली मुले तासिका तत्त्वावर शिकवतात. वर्ष संपले की त्यांची नेमणूक आपोआप संपते. जूनमध्ये पुन्हा अर्ज. ज्याला नेमणूकपत्रच नाही तो राजीनामा कशाचा देणार? आजोबांना चाकरी सोडता येत नव्हती. नातवाला चाकरीच धरून ठेवत नाही. वरवर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोघांच्याही हातून एकच गोष्ट काढून घेतलेली आहे. आपण होऊन ‘नाही’ म्हणण्याची आणि त्या नाहीची कोठेतरी नोंद होण्याची सोय दोघांनाही नाही.

म्हणून नव्या लेखकांकडून माझी एक अपेक्षा आहे. आपल्या आत्मकथनांनी नोकरी मिळेपर्यंतची वाट लिहून काढली. ते काम थोर होते आणि ते झाले. आता त्या दारापलीकडचे लिहा. कोणत्या कागदावर सही केली आणि कोणत्यावर केली नाही ते लिहा. खोली बदलली तेव्हा घरमालकाला कोणते नाव सांगितले ते लिहा. तासिका तत्त्वावरच्या मास्तरचा एप्रिल महिना लिहा. नोकरी सोडली असेल तर खरे कारण लिहा, आणि सोडली नसेल तर राहण्याचेही कारण लिहा. समीक्षकांनी नकार हा शब्द वापरण्यापूर्वी विचारावे की हा नकार कोणी, कोणत्या तारखेला, कोणाच्या टेबलावर ठेवला आणि त्यानंतर त्याच्या घरी चूल कशी पेटली. या प्रश्नांना सामोरे गेलो तर वेदना, विद्रोह आणि नकार हे शब्द उत्तरपत्रिकेतून पुन्हा वस्तीत येतील. शिक्षक मित्रांनी १९५१ चे ते निवेदन एकदा तरी वर्गात मोठ्याने वाचावे. आपल्या विद्यार्थ्यांना अर्ज कसा लिहावा हे आपण शिकवतोच. राजीनामा कसा लिहावा, हेही शिकवायला हवे.